तळटीप १४ : ‘अधिवेशन’
१४. अधिवेशन : साहित्याचे किंवा पक्षाचे नव्हे, महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेचे. १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’ या मेळाव्यात ठरतो. १९६९ चे विजेते हरिश्चंद्र बिराजदार निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे, म्हणजे रेणापूरच्याच लातूर जिल्ह्यातले, म्हणून रेणापूरकरांना त्यांचा एवढा अभिमान. प्रेक्षक आखाड्याभोवती दाटीने बसतात. पुढच्या रांगेत फेटेवाले जुने मल्ल, आणि तरुण शौकीन वाकून त्यांच्या पाया पडतात. हलगी कडाडली की बसलेला फड उभा राहतो. मजकुरातले ‘पहाटेच जागा धरली’ शब्दशः घ्यावे. हल्ली माती आणि गादी अशा दोन विभागांतील विजेते अखेरीस एकमेकांशी लढतात. जिंकणाऱ्याच्या खांद्यावर चांदीची गदा येते.