कुलूप कुणी लावायचं?

घरात चोरी झाली की शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात, "कुलूप नीट लावलं होतं ना?" चोर कोण, कुठून आला, हे सगळं नंतर. आधी घरमालकाची उलटतपासणी. घरच्या संगणकाच्या बाबतीतही आपण वर्षानुवर्षं हेच करत आलो आहोत. व्हायरस आला? मग तूच काहीतरी उघडलं असशील. पैसे गेले? तूच क्लिक केलं असशील. या विषयाचा इतिहास मी अधूनमधून चाळत असतो, आणि दर वेळी मला वेगळाच प्रश्न पडतो. दाराला मुळात कडी बसवली होती का हो? आणि ती बसवायचं काम कुणाचं होतं?

सुरुवात अगदी निरुपद्रवी आहे. १९७१ साली बॉब थॉमस नावाच्या प्रोग्रॅमरने 'क्रीपर' लिहिला. तो अर्पानेटवरच्या एका संगणकातून दुसऱ्यात सरपटत जायचा आणि 'जमलं तर मला पकडा' असा निरोप दाखवायचा. बस्स, एवढंच. १९८२ मध्ये रिच स्क्रेंटा या १५ वर्षांच्या अमेरिकन पोराने ॲपल-२ साठी 'एल्क क्लोनर' केला. तो फ्लॉपीवरून पसरायचा आणि त्या फ्लॉपीवरून पन्नासाव्यांदा संगणक सुरू केला की पडद्यावर एक कविता झळकायची. शाळकरी खोडीच ती.

गंभीर काम केलं फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने, १९८३ साली. 'व्हायरस' हे नाव सुचवलं त्याचे शिक्षक लेन एडलमन यांनी. (आजही बँकांचे व्यवहार सांभाळणाऱ्या आरएसए सांकेतिक पद्धतीतला 'ए' तो हाच.) कोहेनने विद्यापीठाच्या यंत्रणेवर परवानगी घेऊन पाच वेळा प्रयोग केले. पाचही वेळा तासाभराच्या आत सगळे अधिकार व्हायरसच्या हातात आले, सरासरी वेळ अर्ध्या तासाहून कमी! यावर व्यवस्थापकांनी काय करावं? पुढचे प्रयोगच बंद करून टाकले. कोहेनने पुढे गणिताने हेही दाखवून दिलं की प्रत्येक व्हायरस अचूक ओळखणारा प्रोग्रॅम कधीच बनू शकत नाही. म्हणजे घरोघरी पीसी पोचायच्या आधीच दोन गोष्टी कागदावर होत्या. धोका खरा आहे, आणि नुसता पहारेकरी ठेवून भागणार नाही.

मग आला १९८६ चा 'ब्रेन'. आयबीएम पीसीवर पसरलेला हा पहिला व्हायरस आपल्या शेजारच्या लाहोरचा. बासित आणि अमजद फारूक अलवी हे दोघे भाऊ त्याचे कर्ते. त्यांच्या सांगण्याप्रमाणे, त्यांच्या सॉफ्टवेअरच्या चोरून नकला होत होत्या, त्या पकडायला त्यांनी हा उपाय केला. गंमत अशी की व्हायरसच्या आत त्यांनी स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरसुद्धा घातला होता! तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना पहिल्यांदा वाचला जाणारा भाग असतो तिथे, जाऊन बसायचा. त्याला पाय नव्हते. माणसं फ्लॉपी हातातून नेतील तेवढाच त्याचा प्रवास. त्यावर घरच्या घरी उपायही साधा होता. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला एक खाच असायची, तिच्यावर चिकटपट्टी लावली की फ्लॉपीवर काही लिहिता येत नसे. घरगुती संगणक सुरक्षेचं हे पहिलं कुलूप, आणि ते घरमालकानेच लावायचं होतं.

२ नोव्हेंबर १९८८ ला कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याचा 'वर्म' इंटरनेटवर सुटला आणि सुमारे ६००० यंत्रं ठप्प झाली असा अंदाज केला गेला. तेव्हा अख्ख्या इंटरनेटवर साधारण ६०,००० यंत्रं होती, यावरून काय झालं असेल ते पहा. त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात सर्ट हे तातडीचं मदत केंद्र उभं राहिलं. थोडक्यात, मोठ्या संस्थांना अग्निशामक दल मिळालं. घरांना काय मिळालं? दुकानातून विकत घ्यायची पाण्याची बादली.

ती बादली म्हणजे अँटीव्हायरस. यातला एक धागा आपल्या घरचा आहे. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडू लागले, तेव्हा धाकटे बंधू संजय यांनी ते काढणारे छोटे प्रोग्रॅम लिहिले, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्याला त्यातून 'क्विक हील' उभं राहिलं. २०१६ साली ही कंपनी शेअर बाजारात आली. दुरुस्तीच्या टेबलावरून आलेलं हे शहाणपण मला फार मोलाचं वाटतं. पण अँटीव्हायरसची मूळ रीत कशी होती? गुन्हेगाराच्या बोटांचे ठसे गोळा करायचे आणि आलेल्या प्रत्येक फाईलशी ताडून पाहायचे. ठसे मिळायला आधी कुठेतरी गुन्हा घडावा लागतो. पहिल्या बळीला त्याचा काय उपयोग?

२६ एप्रिल १९९९ ला हे आपल्या देशाने अनुभवलं. तैवानमधल्या चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने लिहिलेला 'सीआयएच' त्या तारखेची वाट पाहत कित्येक संगणकांत झोपून होता. त्या दिवशी जागा झाल्यावर त्याने हार्ड डिस्कवरची माहिती तर पुसलीच, पण काही मदरबोर्डांवरची बायोस चिपसुद्धा खराब केली. संगणक सुरूच होईना. भारत हा त्याचा मोठा फटका बसलेल्या देशांपैकी एक. पुढच्याच वर्षी, ४ मे २००० ला, 'आय लव्ह यू' विषयाचा विरोप जगभर फिरला. सोबतची फाईल दिसायला प्रेमपत्राची साधी मजकूर फाईल, शेवटी टीएक्सटी. खरं तर त्यापुढे व्हीबीएस अशी आणखी तीन अक्षरं होती, म्हणजे तो चालणारा प्रोग्रॅम होता. पण विंडोज ती शेवटची अक्षरं मुळातच लपवून ठेवत असे, पडदा सुटसुटीत दिसावा म्हणून. आता सांगा, त्या फाईलवर क्लिक करणाऱ्याला मूर्ख म्हणायचं, की खरं नाव झाकून ठेवणाऱ्याला जाब विचारायचा?

हा व्हायरस लिहिणारा ओनेल डी गुझमन मनिलाचा विद्यार्थी. फिलिपीन्समध्ये तेव्हा या गुन्ह्याला लागू पडेल असा कायदाच नव्हता, म्हणून तो सुटला. इंटरनेटचे पैसे परवडत नव्हते म्हणून दुसऱ्यांचे पासवर्ड चोरायला ते लिहिलं, अशी कबुली त्याने २० वर्षांनी एका पत्रकाराला दिली. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला, आणि त्याच्या ४३ व्या कलमात संगणक व्हायरसची चक्क व्याख्या आहे. कायद्याने चोराला ओळखलं. सुताराबद्दल मात्र तो फारसा बोलत नाही.

ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' आला तेव्हा तर क्लिक करण्याचीही गरज उरली नाही. संगणक नुसता इंटरनेटला जोडलेला असला की पुरे. मग पडद्यावर चौकोन यायचा, ६० सेकंदांची उलटी मोजणी, आणि संगणक बंद. आमच्या सोसायटीत एक निवृत्त काका होते, मुलाने अमेरिकेतून पैसे पाठवून त्यांना पीसी घेऊन दिलेला. नातीचे फोटो बघायला डायल-अप जोडला की मिनिटाभरात सगळं बंद. मी गेलो तेव्हा ते खालच्या आवाजात म्हणाले, "माझंच काहीतरी चुकलं असणार बघ. याला सांगू नकोस." त्यांचं काहीएक चुकलं नव्हतं. दुरुस्तीचा पॅच १६ जुलैला निघाला होता हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तो उतरवून घ्यायला इंटरनेटच जोडावं लागणार होतं! विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल २००१ पासून होती. फक्त ती सर्वसाधारणपणे बंद असायची. कडी होती, पण ती माळ्यावरच्या खोक्यात.

बिल गेट्स यांनी जानेवारी २००२ मध्येच 'आता सुरक्षा आधी, नव्या सोयी नंतर' अशा आशयाचं पत्र कर्मचाऱ्यांना पाठवलं होतं. त्याचं फळ घराघरांत दिसलं ऑगस्ट २००४ मध्ये, एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये. त्यात फायरवॉल आपोआप चालू असे. आपल्याकडे कित्येकांनी तो संगणक मासिकाबरोबरच्या सीडीवरून टाकला. पेन ड्राइव्हमधून आपोआप प्रोग्रॅम चालू होण्याची सोय 'कॉनफिकर'सारख्या वर्म्सनी मनसोक्त वापरली; जुन्या विंडोजमध्ये ती २०११ च्या अपडेटने बंद झाली. इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाईलींमधले मॅक्रो सर्वांसाठी बंद करायला २०२२ उजाडलं, आणि पहिला गाजलेला मॅक्रो व्हायरस होता १९९५ चा! वीस-पंचवीस वर्षं आपण लोकांना 'सावध रहा' म्हणून बजावत होतो. अपडेट, बॅकअप, नीट पासवर्ड यांनी फायदा होतो, नाही असं नाही. पण सर्वात जास्त घरं सुरक्षित झाली ती कुणीतरी कारखान्यातच एक बटण उलट्या बाजूला फिरवलं म्हणून.

कारखानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. सुरुवातीचे पीसी एकट्याने वापरायला बनवले होते, सगळ्या जगाला जोडायला नव्हे. आणि गिऱ्हाइकालाही सोय हवी होती, कडीकोयंडे नकोत. आपल्याकडे तर चोरीच्या विंडोजमुळे कित्येकजण अपडेटपासून चार हात लांबच राहायचे. शिवाय दोष फक्त कंपन्यांचा नाही. मे २०१७ च्या 'वॉनाक्राय'ने ज्या फटीतून शिरकाव केला, ती अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेला आधीपासून माहीत होती आणि तिने ती स्वतःच्या वापरासाठी झाकून ठेवली होती. तीच फट वापरणाऱ्या 'नॉटपेट्या'ने जून २०१७ मध्ये मर्स्क कंपनीला गाठलं आणि आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम अडलं. कुठल्या देशाचं भांडण, कुठल्या कंपनीचा संगणक, आणि कंटेनर अडकले न्हावा-शेव्याला.

दार मजबूत झालं तसे चोर दारावरून माणसाकडे वळले. आता फोन येतो, पोलिसाच्या गणवेशातला माणूस व्हिडिओवर दिसतो, 'डिजिटल अटक' झाल्याचं सांगतो आणि आयुष्यभराची पुंजी वळती करून घेतो. अशी अटक कायद्यात नाहीच. तरी सुशिक्षित, हुशार माणसं फसतात, आणि मग लाजेने गप्प बसतात. ही लाज चोराच्या सर्वात जास्त कामाची असते, कारण १९३० या क्रमांकावर पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर पैसे अडवता येण्याची शक्यता असते, आणि नेमके तेच तास 'लोक काय म्हणतील' यात जातात.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा मोफत पाठिंबा संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण धडधाकट चालणारे कितीतरी संगणक घराघरांत आहेत. उद्या त्यांत काही शिरलं, तर आपण पुन्हा घरमालकालाच विचारणार का, "कुलूप लावलं होतं ना?"

कुलूप आपण लावूच. बॅकअप घेऊ, अपडेट टाळणार नाही, ओटीपी कुणाला सांगणार नाही. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाने "माझंच चुकलं" म्हटलं, तर मान डोलावण्याआधी एकदा दाराकडे बघावं. बऱ्याचदा चूक त्या माणसाची नसते हो. ती त्याला दाखवलीही गेलेली नसते.