प्लेफर्ड, सर टॉमस
(५ जुलै १८९६–१६ जून १९८१). दक्षिण ऑस्ट्रेलिया या घटकराज्याचा प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री. ५ नोव्हेंबर १९३८ पासून १० मार्च १९६५ पर्यंत हे पद अखंड त्याच्याकडे होते. ॲडलेडजवळच्या टेकड्यांतील नॉर्टन समिट येथे चेरीच्या बागा असलेल्या कुटुंबात तो जन्मला. आजा याच राज्याचा मुख्यमंत्री होऊन गेलेला असला, तरी नातवाची शाळा तेराव्या वर्षी सुटली आणि बागाइतीचा भार त्याच्या अंगावर पडला. पहिल्या महायुद्धात गॅलिपोली व फ्रान्स येथे लढून परतल्यावर तो पुन्हा बागेत रमला आणि १९३३ साली लिबरल अँड कंट्री लीगतर्फे विधिमंडळात गेला.

खाजगी मालमत्तेचा कैवार घेणाऱ्या पक्षाचा हा पुढारी सरकारी उद्योगांच्या बाबतीत समाजवाद्यांनाही मागे टाकणारा निघाला. राज्याची वीज न्यू साउथ वेल्सहून येणाऱ्या कोळशावर चाले, आणि तिकडे संप झाला की इकडे अंधार. म्हणून ली क्रीक येथील हलक्या प्रतीचा स्थानिक कोळसा वापरण्याचा आग्रह त्याने धरला, आणि ॲडलेडची खाजगी वीज कंपनी बधेना तेव्हा ती सरकारजमा करण्याचे विधेयकच आणले. ते वरिष्ठ सभागृहात त्याच्याच पक्षाच्या सभासदांनी एकदा पाडले. १९४६ साली मात्र मजूर पक्षाच्या मतांच्या बळावर ते संमत होऊन सरकारी विद्युत न्यास स्थापन झाला. मरी नदीचे पाणी नळाने वायला बंदरापर्यंत नेणे, गृहनिर्माण न्यासामार्फत स्वस्त घरे बांधणे आणि १९५५ साली वसविलेले एलिझाबेथ नगर ही त्याच्या कारकिर्दीची आणखी काही कामे.

एवढा दीर्घ अंमल केवळ कर्तृत्वावर टिकला, असे म्हणणे मात्र धाडसाचे होईल. १९३६ च्या कायद्याने ३९ मतदारसंघांपैकी २६ ग्रामीण भागाला व १३ च राजधानीला दिले होते. कायदा त्याच्या पूर्वसूरीचा, बटलरचा. पण त्याचे फळ त्यानेच सर्वाधिक काळ चाखले, म्हणून या व्यवस्थेला ‘प्लेमँडर’ हे उपहासात्मक नाव पडले. १९६२ मध्ये मजूर पक्षाला १९, त्याच्या पक्षाला १८ जागा मिळाल्या असताही दोन अपक्षांना हाताशी धरून त्याने सत्ता राखली. १९६५ मध्ये अखेर फ्रँक वॉल्शच्या नेतृत्वाखालील मजूर पक्षाने त्याचा पराभव केला. १९६८ साली प्लेफर्डने विधिमंडळ सोडले, आणि त्यानंतर त्याच्याच पक्षाचा मुख्यमंत्री स्टील हॉल याने ४७ मतदारसंघांची नवी, अधिक न्याय्य रचना अमलात आणली.