बॉबी ऑर : बचावाची व्याख्या बदलणारा

आइस हॉकीत बचावपटूने मागेच थांबावे, हा संकेत मोडणारा कॅनडाचा खेळाडू. जन्म २० मार्च १९४८, पॅरी साउंड (ऑन्टारिओ). १९६६ मध्ये, वयाच्या १८व्या वर्षी, त्याने बोस्टन ब्रुइन्सकडून एनएचएलमध्ये पदार्पण केले. स्वतःच्या क्षेत्रातून चकती घेऊन थेट प्रतिस्पर्ध्यांच्या गोलवर धडक मारणे, ही त्याची खासियत. सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी त्याने १९६८ ते १९७५ अशी सलग ८ वर्षे पटकावली. १९७० मध्ये जादा वेळेतील त्याच्याच गोलने ब्रुइन्सला स्टॅन्ले कप मिळवून दिला. गोल आणि गोलसाहाय्य मिळून मोसमात सर्वाधिक गुण नोंदवणारा तो एकमेव बचावपटू, तेही दोनदा. या झंझावाताची किंमत मात्र डाव्या गुडघ्याने मोजली. वारंवार शस्त्रक्रिया होऊनही १९७८ मध्ये, अवघ्या ३०व्या वर्षी, त्याला निवृत्ती पत्करावी लागली.