नवजात बाळाची त्वचा आणि उन्हाळा

सोलापूर जिल्ह्यातील नातेपुते परिसरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो. अशा कोरड्या उष्ण्यात नवजात बाळाला विशेष जपावे लागते. त्याच्या शरीरात सुमारे ७५ टक्के पाणी असते आणि वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ प्रौढांच्या दुपटीहून अधिक असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा अतिशय पातळ असल्याने पाणी झपाट्याने उडून जाते. मात्र वरचे पाणी पाजणे हा त्यावरील उपाय नव्हे. त्याने पोट भरते, दूध कमी प्यायले जाते व जुलाबांचा धोका वाढतो. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. पहिले सहा महिने तेच पुरेसे होय. लघवी कमी होणे, तोंड कोरडे पडणे, टाळू खोल जाणे किंवा बाळ मलूल होणे ही लक्षणे दिसताच त्याला तातडीने डॉक्टरांकडे न्यावे.