नांदेडहून इस्लापुरास

नांदेडास जाणारा प्रवासी बहुधा अर्ध्या दिवसांत आपली यात्रा उरकतो. सचखंड गुरुद्वारांत माथा टेकावा, गोदावरीच्या घाटावर घटकाभर बसावें, आणि वेळ उरलाच तर जुन्या किल्ल्याचे पडके बुरूज पाहून गाडी गांठावी, असा त्याचा क्रम असतो. त्यांत आम्हांस दोष दिसत नाहीं. परंतु जें गांव पहावयाचें तें त्याच्या मुलुखासकट पहावें अशी आमची जुनी खोड असल्यामुळें, आम्ही नांदेड पाहून तेथून ईशान्येस, पैनगंगेच्या बाजूस, इस्लापुरापर्यंत गेलों.

नांदेडचें नांव जुनें आहे. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेंतील दुसरा विंध्यशक्ति याचा चौथ्या शतकांतील ताम्रपट वाशीम येथें सांपडला. नांदीकटाच्या उत्तर मार्गांतील, म्हणजे उत्तर विभागांतील, एका गांवाचें दान त्यांत नोंदलें आहे. हें नांदीकट म्हणजेच आजचें नांदेड असें संशोधक मानतात. ताम्रपटांतील वंशावळ संस्कृतांत आहे, आणि दानाचा मुख्य मजकूर प्राकृतांत. राजाची कुळी देवभाषेंत सांगितली तरी चालते. जमीन कोणाची व सूट कशाची, हें मात्र लोकांना समजेल अशा भाषेंत लिहावें लागतें. राज्यकारभार आणि लोकभाषा यांचा हा संबंध आम्हांस पुढें इस्लापुरास पुन्हा आठवावयाचा होता.

सन १७०८ मध्यें बादशहा बहादुरशहा दक्षिणेंत उतरला, तेव्हां गुरु गोविंदसिंग त्याच्या लष्कराबरोबर नांदेडास आले. गोदातीरींच्या मठांत राहणारा माधोदास बैरागी येथेंच त्यांचा शिष्य झाला, आणि बंदा हें नांव घेऊन पंजाबांत गेला. दोन वर्षांच्या आंत त्यानें सरहिंद जिंकलें. त्याच आक्टोबरांत गुरूंचा नांदेडास अंत झाला. आपल्यामागें देहधारी गुरु नको, ग्रंथच गुरु, ही व्यवस्था त्यांनीं येथेंच लावून दिली. आज उभें असलेलें मंदिर महाराजा रणजितसिंगानें १८३२ ते १८३७ या काळांत बांधविलें. हें सर्व प्रवाशांस ठाऊक असतें. ज्या ग्रंथास येथें गुरुपद मिळालें त्यांत नामदेवांचीं ६१ पदें आहेत, आणि नामदेवांचें जन्मस्थान मानलें गेलेलें नरसी गांव शेजारच्याच हिंगोली जिल्ह्यांत आहे, ही गोष्ट मात्र आम्हीं घाटावर भेटलेल्या एका सुशिक्षित मराठी गृहस्थांस सांगितली तेव्हां त्यांस नवल वाटलें. मराठी संताची वाणी पंजाबांत जाऊन ग्रंथांत बसते, आणि तो ग्रंथ गुरु होण्यास पुन्हा गोदेच्याच कांठीं येतो! एवढा मोठा योग आपल्या शाळांतून कोणी सांगत नाहीं, याचा आम्हांस विषाद वाटतो.

भोकर, हिमायतनगर मागें टाकीत आपण इस्लापुराकडे निघालों म्हणजे काळी जमीन हळूहळू सरते, टेकड्या व साग दिसूं लागतो, आणि गोंड, कोलाम व बंजारा लोकांची वस्ती लागते. इस्लापूर हें किनवट तालुक्यांतील लहानसें गांव. नकाशावर बोट ठेवून शोधावें लागतें. तरीहि १९५६ च्या राज्यपुनर्रचना कायद्यांत, जेथें अखंड जिल्हेच्या जिल्हे एकेका शब्दांत वांटले गेले, तेथें या गांवाचें नांव स्वतंत्रपणें आलें आहे.

निजामी अमलांत हा भाग आदिलाबाद जिल्ह्यांत मोडत असे. १९५५ च्या राज्यपुनर्रचना आयोगानें सीमा आंखतांना सामान्यतः जिल्हा हेंच परिमाण धरलें, आणि आदिलाबाद जिल्हा सबंधच्या सबंध तेलुगु मुलुखांत घातला. तें तसेंच टिकतें तर इस्लापूर आज तेलंगणांत असतें. पुढें कायदा झाला तेव्हां जिल्हा फोडून भाषेच्या आधारें तालुक्यापर्यंत, आणि तालुकाहि फोडून महसुली सर्कलापर्यंत, विचार झाला. राजुरा व किनवट हे तालुके, आणि बोथ तालुक्यांतलें एकटें इस्लापूर सर्कल, १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्यांत आलीं. त्याच न्यायानें नांदेड जिल्ह्याचीं मुधोळ, भैंसा व कुबेर हीं सर्कलें तिकडे गेलीं, आणि त्यांबरोबर गोदातीरींचें बासरचें सरस्वतीमंदिरहि गेलें. आम्हांस हा न्याय एकंदरींत रास्तच वाटतो. परंतु भैंसाच्या बाजारांत अजूनहि मराठी कानीं पडतें, हें विसरून केवळ जें मिळालें त्याचाच उत्सव करणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

गांवापासून जवळच पैनगंगेवर सहस्रकुंड आहे. काळ्या कातळांतून फुटून नदी अनेक धारांनीं खालीं कोसळते. पावसाळ्यांत त्या सगळ्या मिळून एक होतात, व शेजारीं उभ्या असलेल्या माणसाचें बोलणेंहि ऐकूं येत नाहीं. वरच्या अंगास इसापूरचें धरण झाल्यापासून (इसापूर व इस्लापूर यांची गफलत पुष्कळांची होते) पाण्याचें मान धरणाच्या दारांवरहि अवलंबून असतें. कातळ निसरडा आहे. उत्साही तरुणांनीं कांठापासून दूर राहावें हें बरें.

समोरचें तीर यवतमाळ जिल्ह्यांतलें. १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं गेलें, तेव्हांपासून ही नदी दोन राजवटींची सरहद्द झाली. १५ आगस्ट १९४७ रोजीं त्या तीरावर स्वातंत्र्य आलें. या तीरावर रझाकारांचा जाच चालूच राहिला. येथें स्वातंत्र्य पोंचावयास १७ सप्टेंबर १९४८ उजाडला. तेरा महिने! उन्हाळ्यांत जी नदी गुडघाभर पाण्यांतून ओलांडतां येते, तिच्या दोन कांठांमध्यें एवढें अंतर पडलें होतें. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामांतील कार्यकर्ते याच सरहद्दीचा आश्रय घेऊन वऱ्हाडांतून आपलें काम चालवीत, आणि येथील माणसें जीव वांचविण्यास तिकडे जात. आज तेथें कसलाहि दगड वा फलक आमच्या दृष्टीस पडला नाहीं. सहलीस आलेल्या मंडळींचीं मुलें त्या कातळावर भाजलेलीं कणसें खात होतीं.

सहस्रकुंडाचें हें पाणी पुढें चंद्रपूरच्या बाजूस वर्धेस मिळतें. वर्धा वैनगंगेस मिळून प्राणहिता होते, आणि सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरींत उतरते. नांदेडच्या घाटावरून गेलेलें पाणी बासरवरून तेथवर आलेलें असतें.