हातावरची साखर

परवा सूनबाई ऑफिसातून आली ती हातात एक लहानसा डबा घेऊन. डब्यात केकचा तुकडा. म्हणाली, "आई, या आठवड्यातला हा तिसरा वाढदिवस. नको म्हटलं की माणसं रागावतात. म्हणून घेतला आणि घरी आणला." डॉक्टरांनी तिला सहा किलो वजन उतरवायला सांगितले आहे.

2025 च्या मे महिन्यात सीबीएसईने आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले. पाठोपाठ केंद्राच्या आरोग्य खात्याने सरकारी कचेऱ्यांनाही तेल आणि साखर यांविषयीचे फलक लावण्याची सूचना केली. लावावेत, चांगलेच आहे. पण फलक वाचून साहेबांच्या टेबलावरचा पेढा नाकारता येईल का? आपण म्हणतो, इच्छाशक्ती कमी पडते. मी जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे मला वाटते की आधी हे पाहावे, 'घ्या ना' म्हणणारा माणूस आपल्या हातावर नेमके काय ठेवत असतो.

साखर आपल्याकडची फार जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यण्डिका, खांड, शर्करा अशी यादीच आहे. पण पांढरी दाणेदार साखर घरोघर पोचली ती अगदी अलीकडे. गूळ रोजचा आणि साखर सणाची, असेच होते. म्हणून तर फार आनंद झाला की हत्तीवरून साखर वाटली असे म्हणत. पुढे जावा आणि मॉरिशसहून साखर येऊ लागली. जुन्या माणसांच्या तोंडी साखरेला 'मोरस' हा शब्द असे, तो या मॉरिशसवरूनच आलेला. 1905 नंतरच्या स्वदेशी चळवळीत कापडाबरोबर परदेशी साखरेवरही बहिष्कार पडला. म्हणजे चारचौघांत साखर नाकारणे ही आपल्याकडे एकदा देशभक्ती होती! (तेव्हाही 'एवढ्याशाने काय होतंय' म्हणणारे असणारच.)

1932 मध्ये सरकारने देशी साखरधंद्याला संरक्षण दिले आणि तीसेक कारखान्यांचे चार-पाच वर्षांत सव्वाशेच्या वर कारखाने झाले. आमच्या नगर जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा केला. 1950-51 च्या हंगामात प्रवरानगरला पहिले गळीत झाले. हा इतिहास मी दहावीच्या वर्गात किती वेळा शिकवला असेन! पण शिकवताना एक गोष्ट सांगायची राहून जायची. कारखाने आमच्या जिल्ह्यात, उसाच्या बैलगाड्या आमच्या दारावरून जायच्या, आणि साखर मात्र आमच्याच घरात मोजून-मापून.

मी नोकरीला लागले 1973 साली. 1967 पासून सरकार कारखान्यांकडून ठरल्या भावाने लेव्हीची साखर घेई आणि ती रेशनवर मिळे. बाकीची खुल्या बाजारात, महाग. लग्न निघाले की पत्रिका दाखवून साखरेचे परमिट काढायला माणूस तहसील कचेरीत हेलपाटे घाली. दिवाळीला थोडी जादा साखर येई, तिची बातमी गावभर आधी पोचायची. ऑगस्ट 1978 मध्ये जनता सरकारने नियंत्रण उठवले आणि भाव इतके कोसळले की आम्ही बायका हरखून गेलो. उसाला भाव मिळेना, ऊस कमी झाला, आणि वर्षभरात साखर पुन्हा दिसेनाशी झाली. 1979 च्या डिसेंबरात नियंत्रण परत आले.

त्यानंतरच्या जूनची गोष्ट. आमच्या शाळेच्या शिपाईमामांचा मुलगा एस.एस.सी. पास झाला. त्यांच्या घरातला पहिला. मामा स्टाफरूममध्ये आले. पेढे परवडणारे नव्हतेच. त्यांनी कागदाची पुडी सोडली आणि आम्हा प्रत्येकाच्या तळहातावर चिमूट-चिमूट साखर ठेवली. रेशनची, महिन्याच्या चहातून वाचवलेली. ती साखर मी जिभेवर ठेवली तेव्हा तिचे मोल सगळ्यांना माहीत होते, मामांनाही आणि आम्हालाही.

आमच्या कचेऱ्यांमधली वाटण्याची रीत या दिवसांतली आहे. साखर पुढे मुबलक झाली, 2013 मध्ये लेव्हीही गेली, पण रीत टंचाईचीच राहिली. बढती, बारसे, नवी स्कूटर, बदली झाली तरी पेढे, रद्द झाली तरी पेढे. उपवासाची सबब सांगावी तर पेढा उपवासाला चालतो!

दरम्यान आमची शरीरे मात्र बदलली. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, बीएमआय 22.3. पण युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात 21.2 टक्के. वरून सडपातळ दिसणारा आपला माणूस आतून लठ्ठ असू शकतो, हे त्या एका फोटोने सांगितले. 2023 मध्ये छापलेल्या मोठ्या पाहणीत देशात 10 कोटींवर मधुमेही असल्याचा अंदाज निघाला. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला 50 ग्रॅमच्या आत ठेवा, 25 च्या आत असेल तर उत्तम. दोन-दोन चमच्यांचे तीन चहा झाले की 25 तिथेच संपतात.

माझेही वजन वाढले. 1996 साली डॉक्टरांनी कागदावर सगळे लिहून दिले आणि मी हट्टाने पाळू लागले. त्याच महिन्यात मामांची मुलगी डी.एड. होऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. मामा या वेळी मोठा पुडा घेऊन आले. माझ्यापुढे धरला. मी वहीतून मान वर न करता म्हटले, "नको मामा."

ते क्षणभर थांबले. मग हळूच म्हणाले, "बाई, घरचा नाही. दुकानातला आहे."

आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

मला कळायला अर्धा तास गेला. नववीच्या वर्गावर उभी होते, तेव्हा कळले. मामा महारवाड्यातले. माझ्या आजोळी कोरडा शिधा कोणाकडूनही चालायचा, शिजवलेले नाही. साखर, पेढा ही त्यातल्या त्यात 'चालणारी' वस्तू. कचेरीत सर्वांनी सर्वांकडून पेढा घ्यावा ही रीत पडली, त्यात याचाही वाटा असावा असे मला आता वाटते. सोळा वर्षांपूर्वीची चिमूट मी घेतली होती, तीही कोरडीच होती.

याच वर्गात मी शाहू महाराजांचा धडा शिकवत असे. गंगाराम कांबळ्यांना महाराजांनी कोल्हापुरात चहाचे दुकान घालायला मदत केली, आणि लोक तिथे चहा प्यायला कचरतात म्हणून स्वतः गाडी थांबवून सर्वांसमोर त्यांच्या हातचा चहा घेतला. मुले ही गोष्ट आवडीने ऐकत. परीक्षेत हमखास चार गुणांना येई.

मधल्या सुट्टीत मी मामांना गाठले. डॉक्टरांचा कागद दाखवला. पेढा मागून घेतला, तिथेच खाल्ला. मग म्हटले, "दुकानातलं हे शेवटचं. उद्या वहिनींना सांगा, डब्यात एक भाकरी जास्त टाका."

दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या मोठ्या टेबलावर त्यांनी फडके सोडले. बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, लसणाची चटणी. एक-दोघी वहीत तोंड घालून बसल्या. एकीने मात्र खुर्ची ओढली आणि म्हणाली, "मला पण द्या." डॉक्टरांच्या कागदावर बाजरीची भाकरी होतीच. एकच लिहिली होती, मी दीड खाल्ली.