कचेरी सुटल्यानंतरचा नागरिक

मुंबईतील गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत २८ डिसेंबर १८८५ रोजी काँग्रेसचे पहिले अधिवेशन सुरू झाले. प्रतिनिधी होते ७२. पुण्याचे न्यायाधीश महादेव गोविंद रानडे तेथे हजर होते, पण प्रतिनिधी म्हणून नव्हे. ते सरकारी नोकर असल्याने ऐकणे आणि सल्ला देणे एवढीच त्यांची भूमिका ठरली.

या मर्यादेची झळ रानड्यांना आधीच लागली होती. न्यायालयाचे काम सांभाळून ते सार्वजनिक सभेला दिशा देत आणि तिच्या त्रैमासिकासाठी लिहीत. १८७८ साली त्यांची नाशिकला बदली झाली. पुढच्याच वर्षी, वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाने सरकार धास्तावले असताना, त्यांना धुळ्याला धाडले. तेथे त्यांचे टपाल फोडले जाई, हे रमाबाईंनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे. त्यांच्या न्यायदानाविषयी सरकारची तक्रार नव्हती. संशय होता तो त्यांच्या फावल्या वेळावर.

परके सरकार गेले, बंधन राहिले. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील पाचव्या नियमानुसार कर्मचाऱ्याला राजकीय पक्षाचे सदस्य होता येत नाही, प्रचारही करता येत नाही. मतदान करता येते, मात्र मत कोणाला देणार हे सुचवायचे नाही. अंगावर, वाहनावर किंवा घरावर निवडणूक चिन्ह लावले, तरी तो आपल्या वजनाचा वापर ठरतो. महाराष्ट्राच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांतही पाचवा नियम याच विषयाचा आहे. कामाची वेळ, सुटी, रजा असा भेद त्यात नाही. सचिव आणि शिपाई यांनाही एकच माप.

स्वराज्यात असे बंधन कशासाठी, याचे सबळ उत्तर रायबरेलीच्या १९७१ च्या निवडणुकीत सापडते. पंतप्रधानांच्या सचिवालयातील विशेष कार्य अधिकारी यशपाल कपूर यांनी १३ जानेवारीला राजीनामा दिला. तो १४ तारखेपासून मंजूर झाल्याची अधिसूचना निघाली २५ जानेवारीला. राज नारायण यांच्या याचिकेवर १२ जून १९७५ रोजी निकाल देताना अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी, कपूर पदावर असतानाच त्यांची प्रचारात मदत घेतली गेली, असा निष्कर्ष काढला. ७ जानेवारीचे मुन्शीगंजचे भाषण त्यात निर्णायक पुराव्यांपैकी होते. व्यासपीठे आणि ध्वनिक्षेपक यांची सोय सरकारी अधिकाऱ्यांकडून करवून घेतल्याचा मुद्दाही सिद्ध धरला गेला. इंदिरा गांधींची निवड रद्द झाली. पुढे ऑगस्टमध्ये संसदेने निवडणूक कायदा पूर्वलक्षी प्रभावाने बदलला आणि ७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ती निवड वैध ठरवली.

या खटल्यात लागू झालेले कलम होते लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १२३(७). त्याचा रोख उमेदवारावर आहे: सत्तेच्या बळावर नोकराला राबवून घेऊ नये. शिवाय हे कलम पद पाहते. राजपत्रित अधिकारी, दंडाधिकारी, सैनिक, पोलीस, महसूल अधिकारी असे वर्ग त्यात सांगितले आहेत. वसुलीच्या हिश्शावर काम करणारे आणि पोलिसी अधिकार नसलेले पाटील-देशमुख मात्र वगळले आहेत. ज्याच्या हातात दुसऱ्याला नमवण्याची ताकद आहे, त्याचा प्रचार धोक्याचा, असे हे तर्कशास्त्र आहे.

वर्तणूक नियमांनी हेच माप घ्यायला हवे होते. अधिकाराचा दबाव कचेरीच्या वेळेपुरता नसतो. तहसीलदार रविवारीही तहसीलदारच असतो. त्याच्यावरचे बंधन मतदाराला मोकळे ठेवते. पण ज्याच्या सहीने कोणाचे काम अडत नाही, अशा कारकुनाने सायंकाळी घरावर झेंडा लावला, तर कोणता मतदार दबणार?

रानडे न्यायाधीश होते. या मापानेही त्यांना पक्षीय प्रचारापासून दूर राहावेच लागले असते. मात्र त्यांचे टपाल फोडणाऱ्या सरकारला काळजी होती ती स्वतःची. नियम तोच राहिला तरी तो कोणाच्या रक्षणासाठी आहे, हे दर पिढीने नव्याने विचारायला हवे.